मिशनच्या नर्सबाई

आमच्या निपाणीकडे एखादे दुखणे घरगुती औषधाला दाद देईनासे झाले, म्हणजे जुनी माणसे एकच वाक्य उच्चारीत : "मिरजेला न्या." निपाणीला रेल्वे नाही. तेव्हा बैलगाडीत गवत अंथरून रोग्याला त्यावर निजवावयाचे, चिकोडी रोड स्टेशन गाठावयाचे आणि तेथून आगगाडीने मिरजेस जावयाचे, असा तो प्रवास असे. बेळगावकरांना ही गाडी गावातच मिळे. माझ्या आजीने हा प्रवास एकदा केला होता. परत आल्यावर ती डॉक्टरांविषयी थोडे बोले आणि नर्सबाईंविषयी फार बोले. डॉक्टर दिवसातून एकदा दिसत. मध्यरात्री कण्हणे ऐकून कंदील घेऊन येई ती नर्सबाई. त्या बाईविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे.

मिरजेचे हे रुग्णालय उभारणारे डॉ. विल्यम वान्लेस मूळचे कॅनडाचे. ते 1889 साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आले, आणि 1894 साली मिरज संस्थानच्या अधिपतींच्या साह्याने तेथे रुग्णालय उभे राहिले. 1928 साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला व 1933 साली ते निवर्तले. त्यांच्या शस्त्रक्रियांची कीर्ती सर्वांच्या कानी आहे. परंतु शस्त्रक्रिया होते अर्ध्या तासात. जखम भरून येण्यास लागतात दिवस. त्या दिवसांची राखण कोणी करावयाची? हे जाणूनच मिरजेस परिचारिकांच्या शिक्षणाची सोय रुग्णालयापाठोपाठ, एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच झाली.

हे शिक्षण घेण्यास आरंभी मुली मिळेनात. रक्त, पू, मलमूत्र यांना हात लावावयाचा, कोणत्याही जातीच्या रोग्यास शिवावयाचे, परपुरुषांच्या खोलीत रात्रीचा पहारा करावयाचा, हे त्या काळच्या प्रतिष्ठित घरांना मानवणारे नव्हते. बाळंतिणीचा तर विटाळच मानला जाई. यामुळे देशात ठिकठिकाणी पहिल्या परिचारिका बहुधा ख्रिस्ती कुटुंबांतून किंवा मिशनच्या अनाथाश्रमांतून आल्या. समाजाने जे काम हलके म्हणून टाकले, ते समाजाने टाकलेल्या मुलींनीच उचलले, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

परदेशातून येणाऱ्या नर्सबाईंची पहिली परीक्षा औषधाची नव्हे, भाषेची असे. पुस्तकातून मराठी शिकलेल्या बाईस 'ताप' हा शब्द येई. पण "अंग कसकसतंय", "पोटात कालवतंय", "जीव खालीवर होतोय" हे कोणत्या पुस्तकात सापडणार? आमच्या या भागात तर एका खाटेवरची बाई मराठीत कण्हते आणि शेजारची "होट्टी ब्यानी" म्हणून पोट धरते. दोघींचे दुखणे एकच. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि मिरज 1960 पासून महाराष्ट्रात आले. सीमेचा वाद आजही मिटलेला नाही, आणि त्याची वेदना मी हलकी लेखीत नाही. पण रोग्याची गाडी त्या सीमेवर थांबली नाही. वेदनेला दोन्ही भाषांत उत्तर देणारी बाई दोन्हीकडच्या माणसांना आपलीच वाटली.

आता या कामाचे मोल काय, हे एका उदाहरणाने सांगते. खेड्यात मूल जन्मले की नाळ विळ्याने नाही तर घरातल्या कसल्याही पात्याने कापीत, आणि कित्येक ठिकाणी तीवर राख किंवा शेण लावीत. आठवडाभरात मूल दूध ओढीनासे होई, अंग ताठ करी आणि जाई. घरचे म्हणत, सटवाईने एवढेच लिहिले होते. वस्तुतः तो धनुर्वात असे. उकळलेले पाणी, निर्जंतुक पाते, स्वच्छ दोरा आणि साबणाने धुतलेले हात, एवढ्यावर ते मूल वाचू शकत होते. पुढे गरोदर स्त्रियांना धनुर्वाताची लस मिळू लागली, प्रसूती रुग्णालयांत होऊ लागल्या, आणि 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. या यशात सरकार आहे, शास्त्रज्ञ आहेत. पण पाणी उकळण्याचा धडा घरोघरी देत फिरलेल्या अनेक अनाम नर्सबाईही आहेत.

मी कॅथलिक आहे, म्हणून एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ज्या प्रसूतीच्या कामाची इतकी निकड होती, तेच आमच्या व्रतस्थ भगिनींनी करू नये, असा चर्चचा दंडक दीर्घकाळ होता. ॲना डेंगेल नावाची ऑस्ट्रियन डॉक्टर 1920 साली रावळपिंडीस आली. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे येत नसत, आणि केवळ त्यामुळे मरत. हे पाहून तिने 1925 साली अमेरिकेत वैद्यकीय सेवेसाठी भगिनींचा एक संघ स्थापिला. आरंभी त्यात चौघीच होत्या : दोन डॉक्टर, दोन नर्स. अखेर 1936 सालच्या फेब्रुवारीत रोमहून आज्ञापत्र निघाले आणि व्रतस्थ भगिनींना वैद्यक व सुईणपण करण्याची मोकळीक मिळाली. विटाळ मानणारे केवळ आमचे शेजारीच होते असे नव्हे. आमच्या घरातही तो निराळ्या नावाने नांदत होता. तो गेला, कारण कोणी तरी मरणाऱ्या स्त्रियांची बाजू धरून बसले.

याच संघाच्या पाटण्याच्या होली फॅमिली रुग्णालयात 1948 साली एक शिक्षिका आली. शाळा सोडून कलकत्त्याच्या गरिबांत जाण्याचे तिने ठरविले होते. सुई कशी टोचावी, जखम कशी बांधावी, हे ती काही महिने तेथे शिकली. आपल्या सहकारिणींनी केवळ मीठभात खाऊन राहावे, असा तिचा विचार होता. तेथील भगिनींनी तिला बजावले की, अशाने तुम्हीच आजारी पडाल, मग गरिबांची सेवा कोण करील? तिने ते ऐकले. ती शिक्षिका म्हणजे मदर तेरेसा. करुणा पुरेशी नाही, तिला शिक्षणाची जोड हवी, हे त्या थोर स्त्रीलाही कोणी तरी शिकविले, याचे मला शिक्षिका म्हणून मोठे समाधान वाटते.

कोणी विचारील, "या बाया सेवा करण्यास आल्या की धर्म वाढविण्यास?" प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. त्यांचा उद्देश लपलेला नव्हता. त्या आपल्या धर्माच्या प्रेरणेने आल्या आणि त्याविषयी बोलतही असत. असहाय रोग्यापुढे धर्माचे बोलणे कितपत योग्य, हा विचार आम्हां ख्रिस्ती माणसांनीही केला पाहिजे. माझ्यापुरते उत्तर मी आजीकडून घेतले आहे. ती म्हणे, "शेजारच्या खाटेवर सोवळ्यातली म्हातारी होती. पाणी मात्र नर्सबाईंनी दोघींना एकाच हाताने पाजलं." मला वाटते, सेवेची कसोटी याहून निराळी नसावी.

तथापि या परदेशी बाईंचे खरे यश मी दुसऱ्याच गोष्टीत मानते. त्या येथील मुलींना शिकवून गेल्या, आणि हळूहळू त्यांची स्वतःची गरज उरली नाही. आज गावोगावच्या दवाखान्यांत, मोठ्या शहरांत, आखाती देशांतही आपल्या मुली हे काम करीत आहेत. ज्या गुरूवाचून शिष्याचे अडत नाही, तो गुरू सफल झाला.

शेवटी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक हुशार मुलगी म्हणाली, "बाई, मला नर्स व्हायचंय." आई विड्या वळणारी, बाप हमाल. बाप मला भेटावयास आला आणि म्हणाला, "बाई, लोकांचं गू-मूत काढायला पोरीला शिकवायची व्हय?" मी त्या वेळी ठाम बोलावयास हवे होते. मी म्हणाले, "बघा बुवा, तुमच्या मनाला येईल तसं करा." त्यांच्या मनाला आले तसे त्यांनी केले. ती मुलगी आज तंबाखूच्या वखारीत आहे. पाखडताना उडणारी धूळ तिच्या छातीत जाते. वाटेत भेटली की ती अजूनही वाकून नमस्कार करते, आणि मला मान वर करवत नाही.

या वर्षी दुसऱ्या एका मुलीने मला तोच प्रश्न विचारला आहे. येत्या रविवारी मी तिच्या घरी जाणार आहे. तिच्या वडिलांनी तेच विचारले, तर मी सांगणार आहे : "होय, तेही काढावे लागेल. तुमच्या आईने तुमचे काढले, म्हणून तुम्ही आज माझ्यापुढे उभे आहात. तेच काम शास्त्र शिकून, परक्या माणसासाठी करावयाचे, यालाच नर्स म्हणतात."

श्रोतेहो, तुमच्या घरातल्या एखाद्या मुलीने हा प्रश्न विचारला, तर तिला माझ्यासारखे अर्धे उत्तर देऊ नका, एवढीच विनंती.