एक रेडिओ आणि दोन यजमान

डहाणूच्या चिकूच्या वाड्या आणि तलासरीकडील डोंगरपाडे आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिले असतील. परंतु २०१८ सालच्या नोव्हेंबरपासून या दोन तालुक्यांची एक निराळीच ओळख झाली. धुंदलवाडीच्या आसपासची भूमि लहानमोठ्या हादऱ्यांनीं वरचेवर कांपूं लागली. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं एकाच दिवसांत अनेक धक्के बसले, आणि घाबरून घराबाहेर पळण्याच्या गडबडींत पडून एक दोन वर्षांचें बालक दगावलें. कित्येक कुटुंबें घर असूनही तंबूंत निजूं लागलीं.

अशा वेळीं प्रत्येकाचा हात प्रथम मोबाईलकडे जातो. आणि सर्वांचेच हात एकदम गेले म्हणजे ती वाट तुंबते. ज्याला हौशी रेडिओ किंवा हॅम रेडिओ म्हणतात, त्याचें मोल तेव्हां कळतें. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर हौशी रेडिओवाल्यांनीं निरोप पोहोंचविले. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामी आली, तेव्हां श्रीमती भारती प्रसाद हौशी रेडिओच्याच कामासाठीं अंदमानांत होत्या. त्यांच्या केंद्रावरून तेथील लोकांची खबर मुख्य भूमीवरील आप्तांना मिळाली.

मी डहाणूस राहणारा एक सेवानिवृत्त शिक्षक आहें. निवृत्तीनंतर केंद्र सरकारची परीक्षा देऊन मीं हा परवाना मिळविला. माझा एक जुना विद्यार्थी तलासरीकडे राहतो. त्यानेंही तो घेतला आहे. दर रविवारीं तो आपला लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतो. आमचा बेत साधा होता. एकानें आपल्या संगणकावरून लेखी संदेश पाठवावे. दुसऱ्यानें आपल्या संगणकावर फ्रिक्वेन्सीकडे लक्ष ठेवून नोंदवही लिहावी. परंतु रेडिओच्या पाठीस यूएसबीचें सॉकेट एकच! मीं बाजारांतून दोन फांट्यांची तार आणली. ती जोडणार तोंच विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, थांबा. यानें काम तर होणार नाहींच, पण संगणक मात्र बिघडतील.”

त्याचें म्हणणें खरें होतें. यूएसबीच्या घरांत संगणक हा यजमान, आणि त्याला जोडलेलें यंत्र हा पाहुणा. पाहुणा आपण होऊन बोलत नाहीं. यजमानानें विचारलें तरच उत्तर देतो. एका यजमानाकडे अनेक पाहुणे उतरूं शकतात. हब नांवाची पेटी तेवढ्याचसाठीं असते. परंतु एका पाहुण्याला एकाच वेळीं दोन यजमान चालत नाहींत. दोघेही प्रश्न विचारूं लागले म्हणजे कोणाचाच शब्द धड पोहोंचत नाहीं. शिवाय प्रत्येक संगणक त्या तारेंत पांच व्होल्टची वीज देत असतो. दोन संगणक अशा तारेनें एकत्र बांधले, तर एकाची वीज दुसऱ्यांत शिरून नुकसान होण्याचा संभव असतो.

मग उपाय कोणता? पहिला उपाय खटक्याच्या पेटीचा. खटका दाबला कीं रेडिओ एका संगणकाकडून सुटून दुसऱ्याकडे जातो. ही पेटी स्वस्त व सोपी. पण रेडिओ एका वेळीं एकाकडेच राहतो, आणि अदलाबदल होतांच संगणकावरील कार्यक्रमाचा संबंध तुटतो. संदेश चालू असतां तर खटक्यास हातही लावूं नये. कारण “आतां थांब” हा हुकूम न मिळाल्यामुळें रेडिओ प्रक्षेपण करीतच राहण्याचें भय असतें.

दुसरा उपाय मला अधिक शहाणपणाचा वाटला. रेडिओ एकाच संगणकास जोडावा आणि त्या संगणकास कारभारी नेमावें. हॅमलिब नांवाच्या विनामूल्य संचांत ‘रिगसीटीएलडी’ नांवाचा कार्यक्रम आहे. तो हें कारभारीपण करतो. दुसरा संगणक घरच्या राउटरमार्फत त्याच्याकडे मागणी करतो: “फ्रिक्वेन्सी कोणती आहे? ती बदल.” कारभारी ती रेडिओला कळवितो आणि उत्तर परत देतो. अशा रीतीनें दोघांचीं विचारणीं एकामागून एक, रांगेनें, रेडिओपर्यंत जातात. यांतील मोठी सोय अशी कीं, यास इंटरनेट लागत नाहीं. बाहेरचें जग तुटलें तरी राउटर, रेडिओ आणि संगणक बॅटरीवर चालत आहेत तोंवर काम चालतें. मात्र हा दरवाजा घरापुरताच ठेवावा. बाहेरच्या जगास तो उघडा करूं नये.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. त्या एकाच तारेंतून दोन गोष्टी जातात: हुकूम आणि आवाज. कारभारी हुकमांची वांटणी करतो. आवाज पहिल्याच संगणकाकडे राहतो. म्हणून लेखी संदेशांचें काम त्या पहिल्या संगणकावर, आणि नोंदवही दुसऱ्यावर, अशी आम्हीं वांटणी केली.

हें सर्व जमल्यावर आम्ही फार खूष झालों. परंतु एका रविवारीं सरावांत मी संदेश पाठवीत असतां विद्यार्थ्यानें, मला न विचारतां, आपल्या संगणकावरून फ्रिक्वेन्सी बदलली. संदेश अर्ध्यावर तुटला. कारभाऱ्याचा त्यांत दोष नव्हता. त्यानें आज्ञा पाळली. दोष आमचा होता. तो सराव होता म्हणून आम्ही हंसलों. परंतु त्या संदेशांत एखाद्या पाड्यावरील जखमींसाठीं मागितलेली मदत असती तर?

त्या दिवसापासून माझें शाळेंतलें जुनें लांकडी डस्टर टेबलावर असतें. ज्याच्या हातांत डस्टर, त्यानेंच रेडिओला हुकूम द्यावा. दुसऱ्यानें केवळ पाहावें आणि लिहावें. डस्टर हवें असल्यास तोंडानें मागावें, आणि संदेश पुरा झाल्यावरच तें द्यावें. पहिल्यांदा तें मागण्याची पाळी माझ्यावरच आली. विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, एवढी ओळ पुरी होऊं द्या.” चाळीस वर्षें वर्गांत मीं इतरांना थांबविलें होतें, त्या दिवशीं मी थांबलों.

श्रोतेहो, दोन संगणकांनीं एक रेडिओ कसा वापरावा हें यंत्रांना शिकवितां येतें. दोन माणसांनीं तो कसा वापरावा हें मात्र त्यांनीं आपसांतच ठरवावें लागतें. आणि तें धरणी शांत आहे तोंवरच ठरवावें हें बरें.