तांबड्या लोकरीचे फूल

काही वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी मी इंग्लंडात लेस्टरला राहिले होते. ऑक्टोबर महिना होता. शेजारच्या आजीबाई मला एका दुपारी आपल्या शिवणमंडळात घेऊन गेल्या. लांबलचक टेबलावर तांबड्या कापडाचा ढीग आणि भोवती सुया घेऊन बसलेल्या दहाबारा बायका. मला वाटलं, कुणाचं लग्न असेल. पण ती तयारी होती ११ नोव्हेंबरची. १९१८ साली त्या दिवशी सकाळी अकरा वाजता पहिले महायुद्ध थांबले. युद्धात पडलेल्यांची आठवण म्हणून तिकडे लोक त्या दिवसांत छातीवर तांबडे पॉपीचे फूल लावतात.

पॉपी म्हणजे आपल्या खसखशीच्या झाडाचे रानातले भावंड. त्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे निजून राहते आणि माती उकरली गेली की उगवते. फ्रान्स-बेल्जियममध्ये तोफांनी शेतेच्या शेते उलथून टाकली, तेव्हा ही फुले वर आली. आना गेरँ या फ्रेंच बाईंनी कापडी पॉपी विकून उद्ध्वस्त मुलखातल्या बायकामुलांना हात देण्याची कल्पना देशोदेशी नेली. १९२१ साली इंग्लंडात माजी सैनिकांच्या ब्रिटिश लीजन या संस्थेने नव्वद लाख फुले मागवली. ती हातोहात खपली आणि एक लाख सहा हजार पौंड जमले. पुढच्याच वर्षी मेजर जॉर्ज हाउसन यांनी लंडनमध्ये जायबंदी शिपायांसाठी फुलांचा कारखाना काढला. जायबंदी माणसालाही सहज जोडता यावे, अशीच त्या फुलाची घडण ठेवली होती.

आता घरी फूल कसे करायचे ते सांगते. कापड घ्यायचे फेल्टचे. आपला बुरणूस असतो ना, न विणता लोकर दाबून केलेला, त्याच जातीचे हे कापड. कापले तरी दोरे सुटत नाहीत, म्हणून कडा दुमडायला नकोत. कागदावर चार पाकळ्यांचा आकार काढून तो कापून घ्या. त्यावरून तांबड्या फेल्टचे दोन तुकडे कापा, एक जरा लहान. लहान तुकडा मोठ्यावर असा ठेवा, की वरची पाकळी खालच्या दोन पाकळ्यांच्या मधल्या फटीवर येईल. मध्यावर वाटोळा धावदोरा घालून किंचित आवळा, म्हणजे पाकळ्या वर उचलतात. वर काळे बटण आणि मागे सेफ्टी पिन घट्ट शिवून टाका. झाले फूल!

माझे पहिले फूल वाकडेतिकडे झाले. आजीबाई म्हणाल्या, "असू द्या. शिवताना तुम्ही कुणाची आठवण काढलीत?"

मी गप्प झाले. मग आठवली ती आमच्या साताऱ्याकडच्या घरातली चुलत आजी. तिचा नवरा मराठा पलटणीतून बसऱ्याला गेला, तो परत आलाच नाही. तार आली, तरी तिने कुंकू पुसले नाही. सणावारी त्याचे पान वाढायची. आम्ही पोरी तिला हसायचो. त्या युद्धात हिंदुस्थानचे ७४ हजारांहून अधिक शिपाई पडले. युद्ध दुसऱ्याचे होते, राज्यही दुसऱ्याचे होते; पण कुंकू मात्र आमच्या घरातले होते. मी हे सांगितले, तेव्हा त्या बायकांच्या सुया थांबल्या. २०१८ साली, युद्ध थांबल्याला शंभर वर्षे झाली तेव्हा, हिंदी शिपायांच्या स्मरणार्थ तिकडे खादीची पॉपी निघाली, हे मला तिथेच कळले. चुलत आजीला ते कळले असते तर!

आणखी एक पाहिले. कापडाचा खर्च प्रत्येकीने पदरचा केला होता. डबा मोहोरबंद होता, आणि पैसे कोणत्या संस्थेला जाणार ते त्यावर लिहिलेले होते. संस्थेची परवानगी आधीच घेतलेली. धर्माच्या पैशाला हिशेब नको, असे आपण म्हणतो. पण हिशेब चोख असला, तरच दुसऱ्या वर्षी लोक आपणहून हात पुढे करतात.

आपल्याकडे १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळतात. त्याचा निधी माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी असतो. परत आल्यावर मी पिवळ्या फेल्टचे झेंडू केले. आळीतल्या चौघीजणी मदतीला आल्या. कापड आमचे, आणि आलेली पै न् पै ध्वजदिनाच्या निधीत. पहिला झेंडू मात्र विकला नाही. तो चुलत आजीच्या तसबिरीला लावला आहे.

तुमच्याही घरात अशी एखादी तसबीर असेल. नसली तर शेजारी असेल. एक दुपार काढा, सुई ओवा, आणि शिवताना त्या माणसाचे नाव मनात घ्या.