भीती फक्त मनात नसते
(महिला गटांच्या आरोग्य शिबिरात केलेलं भाषण)

बाळंतपणाबद्दल आपण बायका एकमेकींना पुष्कळ सांगत असतो. डिंकाचे लाडू, शेकशेगडी, बाळाचं न्हाणं. पण कळा सुरू झाल्यावर नेमकं काय होतं, हे कोणी नीट सांगत नाही. ‘वेळ आली की कळेल,’ एवढंच. मी एम.एस.डब्ल्यू. केलेलं, वस्तीत गरोदर बायकांच्या बैठका घेणारी. तरी २०१९ साली मला स्वतःला दिवस गेले तेव्हा मी घाबरले होते. शिकलेली असल्यामुळे ते बोलायचीही लाज वाटत होती.

एका मैत्रिणीने एक वर्ग सुचवला. शिथिलीकरण आणि संमोहन यांच्या मदतीने नैसर्गिक बाळंतपणाची तयारी. संमोहन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जादूचे प्रयोग करणारा माणूस आला! प्रत्यक्षात तसं काही नव्हतं. सतरंजीवर कुशीवर पडायचं, पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक भाग सैल सोडायचा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. बाई संथ आवाजात सूचना द्यायच्या. यात शुद्ध हरपत नाही. लक्ष एका जागी ठरतं आणि त्या वेळी दिलेली सूचना मन सहज स्वीकारतं. रोज सराव केला की कळ आल्यावर अंग आवळण्याऐवजी सैल सोडायची सवय लागते, अशी त्यामागची कल्पना.

कल्पना तशी जुनी आहे. भीतीने अंग ताठरतं, त्याने वेदना वाढते आणि वेदनेने पुन्हा भीती, हे चक्र इंग्लंडमधले डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी मांडलं. त्यांचं नैसर्गिक बाळंतपणावरचं पुस्तक १९३३ सालचं. पुढे १९५१ मध्ये फर्नांद लामाझ या फ्रेंच डॉक्टरांनी सोव्हिएत रशियात मनाच्या तयारीने होणारं बाळंतपण पाहिलं आणि पॅरिसमध्ये धातुकामगारांच्या संघटनेच्या दवाखान्यात ती पद्धत सुरू केली. आज भरपूर फी घेऊन जे शिकवलं जातं, ते तिथे कामगारांच्या बायकांसाठी सुरू झालं होतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मी आठ आठवडे नेमाने सराव केला. पहिले काही तास तो उपयोगीही पडला. घरी होते, आई कंबर चोळत होती, श्वास जमत होता. मग दवाखान्यात गेले. आईला आणि नवऱ्याला दाराबाहेर थांबवलं. पडद्यापलीकडे एक मुलगी ओरडत होती आणि तिला जे ऐकवलं जात होतं ते तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. माझा श्वास तिथेच तुटला. मी सैल व्हायचा प्रयत्न करत होते, पण अंगाला कळत होतं की ही जागा सुरक्षित नाही. पुढे बाळाचे ठोके मंदावले आणि सिझर करावं लागलं. तो निर्णय योग्यच होता, माझी मुलगी त्यामुळे सुखरूप आहे. टेबलावर एका मावशींनी माझा हात धरला, तेव्हा तो लांब श्वास परत सापडला.

घरी आल्यावर मात्र कितीतरी दिवस एकच टोचणी होती : मी कमी पडले. सराव कमी झाला असेल, मन खंबीर नसेल. आणखी एक परीक्षा, आणि त्यात मी नापास! मैत्रिणींनो, ‘नैसर्गिक’ या शब्दाची मला तेव्हापासून धास्ती वाटते. माझ्या आजीची थोरली जाऊ घरीच, नैसर्गिकपणेच बाळंत होत होती. ती त्यातच गेली. दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खाजगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात, सरकारी दवाखान्यांतली १४.३ टक्के. इतक्या सगळ्या बायकांना त्याची गरज होती का, हे विचारायलाच हवं. पण तो प्रश्न दवाखान्याला विचारायचा, टाके पडलेल्या बाईला नाही.

मग वर्गाचा उपयोग काय? संमोहनावरच्या नऊ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१६ साली निघाला. वेदनाशामक औषधं थोडी कमी लागू शकतात, पण नॉर्मल बाळंतपणं वाढतात असं स्पष्ट दिसलं नाही. बाळंतपणात बाईजवळ सतत सोबत असण्यावरचा २०१७ चा आढावा २६ अभ्यासांचा आहे. त्यात नॉर्मल बाळंतपणं वाढलेली आणि सिझर कमी झालेली दिसली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली दोन्हींची शिफारस केली : जिला हवं तिला शिथिलीकरण, आणि प्रत्येकीला तिच्या पसंतीची सोबत. आपल्या केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत सोबतिणीला परवानगी दिली आहे. हे किती जणींना ठाऊक आहे?

आता मी वस्तीतल्या अंगणवाडीत तोच सराव घेते, फी न घेता. वर्गातल्या बाई ‘कळ’ म्हणू देत नसत, ‘लाट’ म्हणा म्हणत. इथे मी ते सांगितलं तर बायका हसल्या. ‘ताई, कळ ती कळच!’ पण त्या शिकल्या. दुपारच्या त्या अर्ध्या तासात कोणी हाक मारत नाही, याचंच त्यांना अप्रूप. एकदा एका मुलीने उठून विचारलं, ‘श्वास मी घेईन ताई, पण आत एकटीला का ठेवतात?’

या प्रश्नापाशी मी तुम्हाला आणून सोडते. सतरंजीवर आपण आपल्या अंगातली भीती कमी करू शकतो. लेबर रूममधली भीती तिथे जाऊनच कमी करावी लागेल. म्हणून आपापल्या गटात हा सराव जरूर सुरू करा, आणि त्याच महिन्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात चौघीजणी जाऊन विचारा : इथे सोबतीण आत येऊ शकते का? नसेल, तर का नाही? उत्तर लेखी मागा. आणि जिचं सिझर झालं, तिला कृपा करून ‘नॉर्मल का नाही झालं गं?’ असं विचारू नका. ‘तुझ्याजवळ कोण होतं?’ असं विचारा.