प्रवास पाहण्याचा आणि लिहिण्याचा


आपल्या कोन गावाजवळून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. येथून एकट्याने गाडी काढून पुणे, इंदूर, ग्वाल्हेर, झाशी पाहून येणे आज तरुणांना सहज शक्य आहे. याच रायगड जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये काकांसह उत्तरेस निघाले. हेतू, दक्षिणा मिळवून कर्ज फेडण्याचा. वाटेत लुटले गेले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून अनुभवला. परतले ते आईवडिलांसाठी गंगाजलाची कावड घेऊन. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला.

किल्ल्यापुढे छायाचित्र अवश्य काढा. परंतु तेथील माणसांशी बोला, रात्री चार ओळी लिहा. त्या भिक्षुकाने लेखणी उचलली नसती, तर झाशीच्या सामान्य रहिवाशांचे हाल मराठीत कोणी सांगितले असते?