परमुलखातील पहिले चार आठवडे

नांदेड किंवा लातूरकडील एखाद्या घरातून मुलगा अथवा मुलगी उच्च शिक्षणासाठी परदेशी निघाली म्हणजे घरात केवढी धांदल उडते, हे आपण पाहतोच. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लोकरीचे कपडे, कर्जाची कागदपत्रे, सारे मोजूनमापून बांधले जाते. एक गोष्ट मात्र बांधावयाची राहते. तेथे अनोळखी माणसांत बसावे कसे, आपण होऊन ओळख करून घ्यावी कशी, याविषयी त्या मुलाला कोणी चार शब्द सांगत नाही. ‘तू आपला अभ्यासाकडे लक्ष दे,’ एवढाच उपदेश शिदोरीबरोबर दिला जातो. आणि माझ्या मते पहिल्या चार आठवड्यांपुरता तरी तोच उपदेश घातक ठरतो.

शिकण्यासाठी परमुलखात जाणे आपल्या भागाला नवे नाही. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेस 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. आणि आपले मराठवाडा विद्यापीठ स्थापन व्हावयास 1958 साल उजाडले. तोवर मराठी घरातला मुलगा हैदराबादेस गेला म्हणजे वर्गातील भाषाही त्याला परकीच असे. परंतु त्या शहरात 1907 पासून चालत आलेल्या विवेकवर्धिनीसारख्या संस्था होत्या, त्यांच्याभोवती मराठी समाज होता, आणि सुट्टीत गावी आणणारी आगगाडी होती. सातासमुद्रांपलीकडे गेलेल्या मुलाला ही आगगाडी नाही.

दुसरा फरक याहून मोठा आहे. ज्या शिक्षणपद्धतीने लातूरचे नाव सर्वत्र झाले, त्या पद्धतीत खेड्यातून आलेला मुलगा दोन वर्षे खोली, खानावळ आणि शिकवणी या त्रिकोणातच काढतो. गप्पा नाहीत, सण नाही, पाहुणा नाही. या एकांतवासाचे आपण कौतुक करतो, आणि त्याचे फळही त्याला मिळते. पण तोच मुलगा परदेशी गेल्यावर त्याच सवयीने दार लावून बसतो, तेव्हा ज्या गुणाने तो तेथवर पोहोचला तोच गुण त्याला एकटा पाडतो. घरी सांगावे तर लाज वाटते. एवढे कर्ज काढून पाठविले आणि आपण रडतो कसे, असे त्याला वाटते. मग तो फोनवर ‘मजेत आहे’ असे म्हणतो.

या बाबतीत आपल्या इतिहासातील दोन उदाहरणे मला फार बोलकी वाटतात. आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघे अठरा. त्या थेट महाविद्यालयात गेल्या नाहीत. न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी त्या उन्हाळाभर राहिल्या. या बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार 1880 पासून होता, आणि आनंदीबाई त्यांना मावशीच मानीत. शाकाहार त्यांनी सोडला नाही, लुगडेही सोडले नाही. तरीही त्या परक्या घरात त्या घरच्या झाल्या. पुढे फिलाडेल्फियाच्या कडाक्याच्या थंडीत प्रकृती ढासळत असताना त्यांनी 1886 साली पदवी मिळविली. त्या पदवीमागे रोझेलच्या त्या ऐसपैस उन्हाळ्याचा वाटा लहान नव्हता.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. 1913 च्या जुलैमध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पहिल्या वसतिगृहातील जेवण मानवेना, तेव्हा कुढत न बसता त्यांनी बिऱ्हाड हलविले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांचा स्नेह जडला तो जन्मभराचा. 1920 साली शिक्षण पुरे करण्यासाठी ते लंडनला निघाले तेव्हा याच भथेनांनी त्यांना पैशाचे साह्य केले. ज्या मनुष्याला मायदेशात पंक्तीत बसण्याचा हक्क नाकारला गेला होता, त्याला तेथे इतरांबरोबर एका मेजावर जेवता आले; सहवासाचे मोल त्याच्याहून अधिक कोणास कळणार?

तेव्हा परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याला दोन उंबरठे हवेत. एक आपल्यांचा, विसावण्यासाठी; दुसरा परक्यांचा, शिकण्यासाठी. पहिला आता दुर्मिळ नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासून चालू आहे, आणि उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 साली स्थापन झाले. गणपतीच्या आरतीला तेथे जरूर जावे. पण तेथेच मुक्काम ठोकू नये. इंग्लंडमधील विद्यापीठांत सत्राच्या आरंभी नाना छंदांची विद्यार्थिमंडळे आपापली मेजे मांडून नव्या सभासदांची वाट पाहत असतात. त्यांपैकी एखाद्यात नाव घालावे. शेजारच्या खोलीचे दार आपण होऊन ठोठवावे, आणि स्वयंपाकघर सामाईक असेल तर भाकरी नाही तरी पिठले करून एखाद्याला ‘चाखून पाहा’ म्हणावे. तिखटाने त्याच्या डोळ्यांत पाणी आले तरी ओळख पक्की होते.

आता एक शब्द आईवडिलांसाठी. सप्टेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा लातुरात रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. आई डोळ्याला डोळा न लावता फोनची वाट पाहत असते. मुलगाही ते जाणतो, आणि नेमक्या ज्या घटकेला त्याचे सोबती एकत्र जमतात, त्या घटकेला तो खोलीत परत येऊन घरच्यांशी बोलत बसतो. ही माया खरी. पण तिची वेळ चुकते. सकाळी त्याने उठल्यावर बोलावे. तेव्हा आपल्याकडे दुपार असते. संध्याकाळ त्याची त्याला द्यावी.

आणि ‘जेवलास का?’ हा प्रश्न आपण विचारणारच, तो अवश्य विचारावा. मात्र त्याला जोडून आणखी एक विचारावा: ‘कोणाबरोबर जेवलास?’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यावयास उशीर लागला, तर ‘मजेत आहे’ या शब्दांवर विश्वास ठेवू नये. त्या दिवशी उपदेश न करता थोडा वेळ नुसते ऐकावे.