खेळतंय म्हणजे शिकतंय
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं, थोडं आवरून)



गेल्या महिन्यात एका गटाचं कर्ज रजिस्टर बघत होते. कारणाच्या रकान्यात बी-बियाणं, दवाखाना, शेळी, आणि मग 'मुलाची फी'. मुलगा कितवीला, विचारलं. ताई म्हणाल्या, "नर्सरीला. साडेतीन वर्षांचा आहे. अंगणवाडीत नुसतं खेळवतात हो, शिकवत काहीच नाहीत."

त्या ताईंचं मी चुकीचं म्हणणार नाही. लेकराचं भलं व्हावं म्हणूनच त्या व्याज भरतायत. पण 'नुसतं खेळवतात' या शब्दांवर आज बोलायचंय. कारण एके काळी मीही हेच म्हणत होते.

मी समाजकार्याचं शिकत होते, त्या कॉलेजच्या आवारात एक बालकेंद्र होतं. शिपाईमामांची नात, मॅडमची मुलगी आणि माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा मुलगा, सगळे एकाच सतरंजीवर. माझं क्षेत्रकार्य तिथं लागलं. पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा केला. मैत्रिणीच्या मुलाच्या हातात पाटी-पेन्सिल दिली आणि 'अ' गिरवायला बसवलं. तीन वर्षांचं पोर ते! बोटं दुखली, रडला, आणि दुसऱ्या दिवशी दारातूनच आत येईना.

तिथल्या ताई मला रागावल्या नाहीत. त्यांनी त्याच्यापुढं परातीत ओली माती ठेवली. पोरगं तासभर मळत बसलं, गोळे केले, भाकऱ्या थापल्या. मग ताई म्हणाल्या, "पेन्सिल धरायची ताकद या बोटांत आधी यायला नको का? ती अशी येते."

तेव्हा माझे डोळे उघडले. भातुकलीत पोरगी चार बाहुल्यांना चार ताटल्या मांडते, तेव्हा ती मोजणी शिकते. मोठी पानं एकीकडं, लहान दुसरीकडं करते, ते गणितच. 'आता तू दुकानदार, मी गिऱ्हाईक' म्हणते, तेव्हा भाषा वाढते, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायलाही ती शिकते.

आणि हे काम आपल्याकडं काही आजचं नाही बरं का. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढं हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेलं. महागडी खेळणी परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला, म्हणजे त्यानंतर तीस वर्षांनी.

आता दुसरी गोष्ट, आईची. माझी ती मैत्रीण पदवीधर झाली, ती त्या बालकेंद्रामुळं. सासरी लेकराला बघायला कुणी नव्हतं. ती म्हणायची, "खिडकीतून तो खेळताना दिसला की माझं वर्गात लक्ष लागतं." ते केंद्र नसतं तर तिचं शिक्षण तिथंच सुटलं असतं.

आणि आपल्याकडं काय होतं? हजेरी वही उघडा. प्रशिक्षणाला कोण येत नाही? जिच्या कडेवर लेकरू आहे ती. आली तरी दाराशी बसते, पोर रडलं की उठून जाते. मग बँकेचे व्यवहार, हिशेब शिकणार कधी? पदाधिकारी होणार कधी?

म्हणून तीन गोष्टी मागते.

एक, नर्सरीच्या फीसाठी कर्ज मागण्याआधी अंगणवाडीत एक तास जाऊन बसा. मुलं खेळतायत की नुसती बसलीत, बघा. खेळ होत नसेल तर सेविकाताईंशी प्रेमानं बोला. त्यांच्याकडं कामाचा आणि नोंदींचा भार आहे, आपण हातभार लावू शकतो. चिंध्यांच्या बाहुल्या, रिकामे डबे, रंगीत बांगड्या गोळा करून द्या.

दोन, घरी रोज थोडा वेळ द्या. शेंगा सोलताना पोराला शेजारी बसवा. वाटीनं पाणी ओतू द्या, कपड्यांच्या घड्या घालू द्या. गोष्ट सांगा, आणि त्याचीही ऐका. फक्त बिया-चिंचोके देताना नजर ठेवा. लहान लेकरं नाका-तोंडात घालतात, तीन वर्षांच्या आतल्यांना तर देऊच नका.

तीन, पुढच्या प्रशिक्षणाला हॉलच्या कोपऱ्यात सतरंजी टाकूया. मुलांकडं बघायला आळीपाळीनं दोघी-दोघी. खाऊ आणि पाणी ग्रामसंघाकडून. हा ठराव आज इतिवृत्तात लिहून घ्या, नाहीतर बोलणं हवेत जाईल.

पहिली पाळी माझी. येताना मी परात आणते, माती तुमच्या शेतातली आणा.