दर्या आणि दऱ्या

आमचे रेवदंडा कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेले. पश्चिमेला दर्या, दूर पूर्वेला सह्याद्रीच्या दऱ्या. या दोन शब्दांतला फरक कान सहज ओळखतो. माझ्या संगणकावर मात्र दोन्ही एक झाले, त्याची ही हकीकत.

वडिलांच्या आठवणी मी वीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या तोंडून ऐकून टंकित केल्या होत्या. गेल्या पावसाळ्यात ती फाइल लिनक्सवर उघडली, तर सारी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे! दोष लिनक्सचा नव्हे. त्या काळचा माझा फाँट आत रोमन अक्षरेच साठवी आणि वर देवनागरीचे सोंग चढवी. फाँट गेला, सोंग उतरले. वडील आता नाहीत. पुन्हा विचारायचे कुणाला? रूपांतराच्या साधनाने पुष्कळसा मजकूर परत आला, पण 'दऱ्या'च्या जागी सगळीकडे 'दर्या'. सह्याद्रीत समुद्र शिरला म्हणा ना!

म्हणून शिक्षकबंधुभगिनींनो, लिहायचे ते युनिकोडमध्ये. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. फाँट बदलला तरी अक्षर तेच राहते. लिनक्सच्या सेटिंग्जमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक जोडून घ्या. 'दर्या' लिहिताना र, मग हलन्त, मग य. 'दऱ्या'ला मात्र र ची तीच कळ शिफ्टसह दाबायची, म्हणजे नुक्त्याचा ऱ येतो. पुढे हलन्त आणि य. एवढीशी गोष्ट, पण ठाऊक नसते.

चुका एकदम बदलाव्यात, तर खरा दर्याही दरीत जाईल! लिबरऑफिस रायटरमध्ये कंट्रोल व एच दाबून एकेक जागा पाहत बदलता येते.

आणखी एक सोय. 'मु. पो. रेवदंडा, ता. अलिबाग, जि. रायगड' हे आपण किती वेळा टंकतो? एकदा लिहून निवडा, कंट्रोल व एफ ३ दाबा, 'ऑटोटेक्स्ट'मध्ये त्याला दोन अक्षरांचे टोपणनाव देऊन ठेवा. पुढे ती दोन अक्षरे लिहून नुसते एफ ३ दाबले की पत्ता हजर. दाखल्यांचा ठरीव मजकूरही असाच ठेवता येईल. शिवाय बहुतेक लिनक्सवर मजकूर माउसने नुसता निवडून, दुसरीकडे माउसचे चाक दाबले की तो तिथे उमटतो. कॉपी म्हणावेच लागत नाही. ही सवय लागली की दुसऱ्याच्या संगणकावर हात अडखळतो, हेही सांगून ठेवतो.

माझी अजून अकरा पाने तपासायची राहिली आहेत.